मिक्स मीडियाचे प्रयोग सुटे सुटे भारी दिसतात, पण मालिकेत एकत्र नांदत नाहीत. मदत हवी

रेघोट्या
नमस्कार मंडळी. मी इलस्ट्रेशन शिकतेय, शेवटचं वर्ष आहे. सध्या आठ चित्रांची एक मालिका चालू आहे, शब्द अजिबात नाहीत, गोष्ट चित्रांतूनच कळायला हवी. गोष्ट साधीच आहे. एका मोठ्या इमारतीची रात्री वीज जाते, सगळ्या खिडक्या एकदम काळ्या होतात, मग हळूहळू लोक मेणबत्त्या, टॉर्च, मोबाइल असं हाताला लागेल ते घेऊन जिन्यात येतात, एरवी एकमेकांकडे न बघणारी माणसं बोलायला लागतात, आणि वीज परत येते तेव्हा कुणालाच आत जायचं नसतं.

आता साहित्याचं सांगते, मिक्स मीडिया म्हणजे वेगवेगळं साहित्य मिसळून काम. पहिल्या चित्रात इमारतीच्या खिडक्या मी पत्रांच्या पाकिटांच्या आतल्या नक्षीतून कापल्यात, ती निळी-करडी बारीक जाळी असते ना, आतला मजकूर बाहेरून दिसू नये म्हणून छापलेली, ती. दुसऱ्यात वीज जाते, तिथे पांढरी मेणबत्ती कागदावर घासून वरून काळ्या शाईचा वॉश, म्हणजे पाणी घातलेला पातळ थर, दिलाय. जिन्याचं चित्र खऱ्या भिंतीवर आणि पायऱ्यांवर कागद ठेवून ग्रॅफाइटने घासून काढलंय. एका आजोबांच्या खोलीसाठी मॅगझिनमधल्या फोटोंचं कोलाज, गच्चीसाठी टूथब्रशने उडवलेले पांढरे ठिपके, एक चित्र अख्खं ऑइल पेस्टलचं, एकात प्रिंटआउटवरून फोटो ट्रान्सफर केलाय, एक अजून ठरायचंय.

एकेक चित्र हातात घेतलं की मला मनापासून आवडतं. पण भिंतीवर ओळीने लावली तर आठ वेगवेगळ्या माणसांनी काढल्यासारखी दिसतात. आमच्या सरांनी बघून एवढंच म्हटलं की प्रयोग दिसतायत, गोष्ट दिसत नाही. ते डोक्यातून जात नाहीये. प्रयोग सोडायचे नाहीत मला, त्यासाठीच तर हा विषय घेतलाय. मग एकसंधपणा आणायचा कसा? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

कागदवेडी
सगळ्यात आधी, विषय फार सुंदर आहे आणि पाकिटाच्या नक्षीच्या खिडक्या वाचूनच डोळ्यासमोर आल्या. प्रचि (प्रकाशचित्रं) टाकता आले तर टाक ना.

जुना_ब्रश
रेघोट्या, तुझ्या यादीत एक गोष्ट आपोआप जमून आलीये, ती तुझ्या लक्षात आलीये का बघ. मेणाचं चित्र. गोष्टीत उजेड मेणबत्तीचा आहे आणि कागदावर उजेड ठेवणारी वस्तूसुद्धा मेणबत्तीच आहे. शाई सगळीकडे पसरते, काळोख होतो, आणि जिथे मेण घासलंय तिथे कागद पांढरा राहतो. म्हणजे तंत्र आणि गोष्ट एकच काम करतायत. आता बाकीच्या सात चित्रांना हाच प्रश्न विचार, की हे साहित्य इथे का आहे? पाकिटाची नक्षी लपवण्यासाठी छापलेली असते आणि तू ती बंद खिडक्यांना वापरलीस, तेही बसतंय. जिना खऱ्या पायऱ्यांवरून घासून काढलास, तेही, कारण अंधारात माणूस भिंत चाचपडतच उतरतो. पण ऑइल पेस्टलचं चित्र ऑइल पेस्टलमध्येच का? फोटो ट्रान्सफर कशासाठी? उत्तर मिळालं तर ठेव, नाही मिळालं तर ते चित्र प्रयोग म्हणून वहीत जाऊ दे, मालिकेत नको.

घासून पोत उचलायचं तंत्र चित्रकार माक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी फरशीच्या रेषांवरून सुरू केलं, आणि त्याचा भर त्यातून आपोआप सुचणाऱ्या आकारांवर होता. तुझा जिना मात्र जिनाच आहे, म्हणजे तू तेच तंत्र बरोबर उलट्या दिशेने वापरतेयस. मला ते आवडलं.

तिसरा_बाक
जुना_ब्रश, तुमचा मुद्दा पटतो पण पूर्ण नाही. शिकतानाच तर हे सगळं करून बघायचं असतं ना, पुढे काम सुरू झालं की क्लायंटला जे आधी आवडलंय तेच पुन्हा पुन्हा काढायला लागतं. प्रत्येक साहित्याला आधी कारण विचारत बसलं तर हात आखडतो. मी तर म्हणतो की आधी हाताला काय सापडतंय ते सापडू दे, कारण नंतर कळतं. मेणाचंही तिला आधी कुठे माहीत होतं?

जुना_ब्रश
बरोबर आहे, हाताला आधी सापडतं आणि डोक्याला नंतर कळतं, यात वाद नाही. माझं म्हणणं निवडीबद्दल आहे. सापडू दे शंभर गोष्टी, पण मालिकेत कुठल्या जातील हे ठरवताना कारण विचार. या दोन वेगवेगळ्या वेळा आहेत आणि त्या एकाच टेबलावर एकाच दिवशी आल्या की गोंधळ होतो.

मुखपृष्ठवाला
मी पुस्तकांच्या मांडणीचं काम करतो, बरीच वर्षं इलस्ट्रेटर लोकांसोबत काम केलंय म्हणून लिहितो. मालिका एकसंध दिसण्यासाठी सगळंच सारखं असायला लागत नाही, दोन-तीन गोष्टी कायम ठेवल्या तरी पुरतात, पण त्या खरंच कायम ठेवायच्या. तुझ्या केसमध्ये मी तीन सुचवीन.

एक, काळा. आठही चित्रांत काळोख आहे आणि अंदाजाने सांगतो, आत्ता प्रत्येकात तो वेगळा असणार. कुठे शाईचा, कुठे ग्रॅफाइटचा करडा चमकणारा, कुठे पेस्टलचा, कुठे मॅगझिनच्या छापील कागदाचा. डोळ्याला हे लगेच कळतं. एकच काळा ठरव, म्हणजे एका बाटलीत शाई आणि थोडा गडद निळा असं मिश्रण करून ठेव आणि सगळ्या चित्रांना काळोख त्याच बाटलीतून दे.

दोन, उजेडाचा रंग. मेणबत्तीचा, टॉर्चचा, मोबाइलचा उजेड खरं तर वेगवेगळा असतो, मोबाइलचा निळसर. तो फरक ठेवायचा तर ठेव, पण तेवढे दोनच रंग, आणि दुसरीकडे कुठेही ते दोन रंग येऊ द्यायचे नाहीत.

तीन, माणसांची रेघ. पार्श्वभूमी कशानेही कर, माणसं मात्र सगळीकडे एकाच हत्याराने काढ. वाचक माणसांच्या मागे जातो. माणूस ओळखीचा राहिला तर आजूबाजूचा कागद कितीही बदलू दे.

आणि हे तपासायची सोपी युक्ती. आठही चित्रांचे मोबाइलवर फोटो काढ, एका ओळीत अगदी लहान करून लाव, नखाएवढी, आणि मग रंग काढून टाक, फक्त काळंपांढरं. कुठल्या चित्रात काळोख पुरेसा काळा नाही ते तिथल्या तिथे दिसेल. मोठ्या आकारात आपण पोताच्या प्रेमात पडतो आणि छटा बघायची राहून जाते.

रेघोट्या
मुखपृष्ठवाला, खूप खूप आभार, आत्ता लगेच करून बघितलं. जिन्याचं चित्र नुसतं करडं दिसतंय, त्यात रात्रच नाहीये! आणि कोलाजची खोली तर दुपार वाटतेय. मोठ्या आकारात हे अजिबात जाणवत नव्हतं.

माणसांच्या रेघेबद्दल. मला जरा ओबडधोबड, मध्येच तुटणारी रेघ हवीये, पेनची सरळ रेघ या पोतांवर फार शहाण्यासारखी दिसते. काय वापरू?

शाईचा_डाग
इथे दोन मस्त पर्याय आहेत आणि दोन्ही खास इलस्ट्रेशनसाठीच जन्मल्यासारखे आहेत.

पहिला, ब्लॉटेड लाइन. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल १९५० च्या दशकात जाहिरातींसाठी चित्रं काढायचा तेव्हा हेच वापरायचा. शाई न शोषणाऱ्या कागदावर पेन्सिलचं चित्र, त्याला एका कडेने शोषणारा कागद जोडायचा, मग थोड्याशा रेघेवर शाई फिरवायची आणि ओली असतानाच दुसरा कागद वरून दाबायचा, पुन्हा उघडायचा, पुढचा तुकडा. रेघ ठिपक्याठिपक्यांची, तुटक येते, आणि चित्र उलटं येतं हे लक्षात ठेव.

दुसरा, ऑइल ट्रान्सफर, चित्रकार पाउल क्लेने हे खूप वापरलंय. एका कागदावर काळ्या तैलरंगाचा अगदी पातळ थर दे, थोडा चिकट होईपर्यंत थांब, मग तो रंगाची बाजू खाली करून तुझ्या चांगल्या कागदावर ठेव, त्याच्यावर तुझं पेन्सिल स्केच, आणि टोकदार काहीतरी घेऊन गिरव. खाली जी रेघ उमटते ती केसाळ असते, कडा फुटलेल्या, आणि जिथे जिथे तुझा तळहात टेकला असेल तिथे काळपट डाग येतात. तुझ्या गोष्टीत ते डाग सोनं आहेत कारण ती रात्रच आहे. शिवाय रेघ तेलाची असल्यामुळे वरून जलरंगाचा वॉश दिला तरी विरघळत नाही, क्ले तेच करायचा. फक्त रेघ पूर्ण वाळायला काही दिवस जाऊ दे, नाहीतर हात लागून पसरते.

मी असतो तर दुसरा घेतला असता. गोष्टीत माणसं एकमेकांना अर्धवटच दिसतायत, आणि या तंत्रात काढतानाही तुला तुझी रेघ दिसत नाही, कागद उचलल्यावरच कळतं खाली काय झालंय.

कागदवेडी
+१ ऑइल ट्रान्सफरला. मेणावर करून बघू नकोस मात्र. तिथे रेघ घसरते.

मेणाबद्दलही थोडं लिहिते कारण माझा तो आवडता प्रकार आहे. कागद कुठला घेतेस यावर सगळं ठरतं. खरखरीत जलरंगाच्या कागदावर मेण फक्त उंचवट्यांना लागतं, खाचांत शाई उतरते, त्यामुळे उजेड कणाकणांचा, थरथरल्यासारखा दिसतो. गुळगुळीत कागदावर मेणाचा सलग पट्टा येतो, टॉर्चच्या झोतासारखा एकदम कडक. म्हणजे मेणबत्ती आणि टॉर्च हा फरक तुला फक्त कागद बदलून दाखवता येईल, रंग बदलायचीसुद्धा गरज नाही. किंवा कागद एकच ठेव आणि दाब बदल, हलक्या हाताने घासलं की कण, जोर देऊन घासलं की पट्टा.

पांढरं मेण पांढऱ्या कागदावर दिसत नाही ही मोठी अडचण असते. टेबलावरचा दिवा अगदी बाजूला, कागदाच्या पातळीवर आण आणि तिरकं बघ, मेण चमकतं. शाई पातळ करून घे. घट्ट शाई मेणावरही बसते आणि वाळल्यावर तिचे पोपडे निघतात. मऊ ब्रशने एकदाच फिरव, घासू नकोस, मग मेणावर शाईचे बारीक थेंब जमतील, ते राहू द्यायचे की टिपकागदाने उचलायचे हे तुझं तू ठरव. मला ते थेंब आवडतात.

शिल्पकार हेन्री मूरची १९४०-४१ मधली लंडनच्या भुयारी रेल्वे स्टेशनांवर आसरा घेतलेल्या माणसांची चित्रं शोधून बघ. मेणाचे खडू, शाई, जलरंग. अंधारात दाटीवाटीने झोपलेली माणसं आणि त्यांच्या अंगावर मेणाने राखलेला उजेड. तुझ्या जिन्यातल्या गर्दीला त्याचा खूप उपयोग होईल.

नवीन_पान
मध्येच विचारतो, माफ करा. हे सगळं टॅबलेटवर लेयर्समध्ये नाही का करता येणार? टेक्स्चरचे ब्रश तर हजारो मिळतात. मी सेल्फ-लर्निंगवाला आहे, खरंच जाणून घ्यायचंय.

शाईचा_डाग
करता येतं, आणि बरेच लोक उत्तम करतात. फरक एवढाच की तयार टेक्स्चर ब्रश प्रत्येक वेळी तोच नमुना फिरवून फिरवून देतो, आणि मेणावरची शाई दर वेळी वेगळी वागते कारण कागद, ओल, मेण सगळंच वेगळं. मधला रस्ताही आहे. पोत हाताने बनव, स्कॅन कर आणि मांडणी स्क्रीनवर कर. तुकडे हलवता येतात, लहानमोठे करता येतात. हेही मिक्स मीडियाच आहे. मुलांची चित्रपुस्तकं करणाऱ्या एरिक कार्लचं काम बघ, त्याने टिश्यू पेपर ॲक्रिलिकने रंगवून आधी पोतांचा साठा करून ठेवलेला असायचा, रंगांप्रमाणे खणांत लावलेला, आणि मग त्यातून प्राणी कापून चिकटवायचा. चित्रकार मातीसनेही शेवटच्या काळात ग्वाशने (अपारदर्शक जलरंगाने) रंगवलेले कागद थेट कात्रीने कापून चित्रं केली. दोघांच्याही कामात रंगवणं आणि रचणं ही दोन वेगळी कामं होती. तू स्कॅनर वापरून तेच करतोस.

तिसरा_बाक
प्रयोगवहीबद्दल कुणीच बोललं नाही अजून. रेघोट्या, प्रत्येक तुकड्याच्या मागे लगेच लिहून ठेवतेस का, कुठला कागद, कुठली शाई, पाणी किती, आधी काय नंतर काय? नसशील तर आजपासून सुरू कर. जमलेला पोत पुन्हा हवा असतो आणि तेव्हा कुणालाच आठवत नाही तो कसा आला होता. आणि तुकड्यांवर करताना एका वेळी एकच गोष्ट बदल. कागदही बदलला, शाईही बदलली आणि मेणही बदललं तर फरक कशामुळे पडला ते कळणार कसं. मोकळं खेळायचं तेव्हा मोकळं खेळ, ते माझं मत कायम आहे, पण खेळून झालं की मागे चार शब्द लिही.

मुखपृष्ठवाला
आता छपाई आणि स्कॅनचं, कारण शेवटी हे कुणाला तरी दाखवायचंय.

कोलाज स्कॅन करताना स्कॅनर कुठल्या प्रकारचा आहे ते बघ. हल्लीचे बारीक, चपटे स्कॅनर बहुतेक सीआयएस सेन्सरचे असतात, त्यांना काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं, कागद जरा वर उचललेला असला की तेवढा भाग धूसर येतो. सीसीडी सेन्सरच्या स्कॅनरमध्ये खोलीचा थोडा वाव असतो. तुझ्या खिडक्या थरांवर थर चिकटवलेल्या असतील तर हा फरक चांगलाच जाणवेल. सीसीडी मिळाला नाही तर सरळ कॅमेऱ्याने फोटो काढ, दोन्ही बाजूंना सारखे दिवे, पंचेचाळीस अंशांवर. स्कॅन करशील तर ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० ठिपके) कर म्हणजे पुढे मोठं करायला वाव राहतो.

काळ्याबद्दल परत एकदा. छापताना नुसती काळी शाई शंभर टक्के दिली तरी मोठ्या भागात ती फिकी, करडी वाटू शकते, म्हणून खाली इतर शाया देऊन काळा दाट करतात. पण सगळ्या शाया मिळून किती टक्के चालतील याला मर्यादा असते आणि ती कागद आणि मशीनप्रमाणे बदलते, ते छापणाऱ्याला आधीच विचारायचं. लेप नसलेल्या (अनकोटेड) कागदावर शाई पसरते आणि मधल्या छटा आणखी काळवंडतात. तुझी पूर्ण मालिका रात्रीची आहे, म्हणजे जिन्यातले चेहरे गायब व्हायची शक्यता आहे. एका चित्राचा छोटा प्रूफ (नमुना छपाई) आधी काढून घे आणि मग बाकीचे फाइलमध्ये किती उजळायचे ते ठरव.

फ्लुरोसंट आणि सोनेरी रंग वापरणार असशील तर प्रत्यक्ष चित्रात छान दिसतील, स्कॅनमध्ये सोनेरीचा मातकट तपकिरी होतो आणि फ्लुरोसंट साध्या चार शायांत छापलाच जात नाही.

कागदवेडी
मॅगझिनचे फोटो वापरतेयस तिथे दोन गोष्टी. एक तर हक्कांचा प्रश्न, वर्गात चालेल, पण मालिका छापायची किंवा स्पर्धेला पाठवायची म्हटली की दुसऱ्याचा फोटो अडचण करतो. आजोबांची खोली तुझ्या स्वतःच्या फोटोंतून कर ना, प्रिंट काढून कापायचे. दुसरं म्हणजे टिकाऊपणा. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य असतं, त्यामुळे तो पिवळा पडतो आणि कडक होतो. रबर सिमेंटपण (रबराचा गोंद) टाळ, काही वर्षांत त्याचे पिवळे डाग उमटतात आणि तुकडे सुटतात. पीव्हीए (पांढरा गोंद) किंवा मॅट मीडियम (बिनचकाकीचं, रंग नसलेलं ॲक्रिलिक) वापर.

कागद वाकतो का तुझा? पाण्याचा गोंद लावला की कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि पान होडीसारखं वळतं. पाठीमागे तेवढ्याच जाडीचा कागद चिकटव, त्याच्या धाग्यांची दिशा समोरच्या कागदासारखीच ठेव, आणि वजनाखाली पूर्ण वाळू दे. दिशा कळण्यासाठी कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघायचा, ज्या बाजूला सहज वळतो त्या घडीला समांतर धागे असतात.

रेघोट्या
तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय, काय बोलू. सगळं छापून टेबलासमोर लावलंय.

ठरवलंय ते सांगते. एकच काळा, शाई आणि थोडा गडद निळा, बाटली भरून तयार आहे. माणसं सगळीकडे ऑइल ट्रान्सफरने. करून बघितलं आणि शाईचा_डाग म्हणतात तसंच झालं, एका बाईच्या गालावर माझ्या तळहाताचा डाग आला आणि ती अंधारातून पुढे आल्यासारखी दिसायला लागली, तो डाग मी जाणूनबुजून काढायला बसले असते तर जमलाच नसता. ऑइल पेस्टलचं आणि फोटो ट्रान्सफरचं चित्र मालिकेतून बाहेर, वहीत. जुना_ब्रश यांच्या प्रश्नाला त्या दोघांकडे खरंच उत्तर नव्हतं. जिना घासलेलाच ठेवतेय, पण त्यावर काळ्याचे वॉश देऊन रात्र आणणार.

एक अडलंय. शेवटच्या चित्रात वीज येते. आत्तापर्यंत उजेड म्हणजे मेणाने राखलेला पांढरा कागद होता. आता ट्यूबलाइटचा उजेड दाखवायचा आहे आणि तो लोकांना नकोसा वाटला पाहिजे. आणि त्याच चित्रात मला पाकिटांच्या खिडक्याही परत हव्यात, जिन्यात मेणाचा उजेडही हवा. हे सगळं एका कागदावर कुठल्या क्रमाने करू?

जुना_ब्रश
वीज आल्यावरच्या खिडक्यांसाठी वेगळ्या पांढऱ्याचा विचार कर. मेणाखालचा पांढरा हा कागदाचा स्वतःचा असतो, जरा उबदार, कणाकणांचा. विजेचा पांढरा वरून लावलेला, सपाट, झाकणारा असू दे. पांढरं ग्वाश किंवा ॲक्रिलिक, थेट पाकिटाच्या नक्षीवर चौकोन भरून टाक. नक्षी त्याखाली पुसली जाईल. पूर्ण मालिकेत असा झाकणारा पांढरा दुसरीकडे कुठेही नसेल तर तो डोळ्याला टोचणारच. गच्चीवरचे ठिपके मात्र मग पांढऱ्या रंगाचे नकोत, ते पण मेणाचेच कर.

शाईचा_डाग
वा, हे भारी आहे. यात ॲक्रिलिक घे, किंवा ॲक्रिलिक ग्वाश. साधं ग्वाश पाणी लागलं की परत सुटतं आणि खालची शाई त्यात मिसळली तर करडं होईल.

कागदवेडी
क्रम असा ठेव. आधी खिडक्या चिकटव, कारण मेण लागलेल्या जागी गोंद धरतच नाही. वाळल्यावर खिडक्यांवर मॅट मीडियमचा हात दे म्हणजे नंतरची शाई त्या कागदात शिरणार नाही, वरची वर पुसता येईल, पण आधी एका तुकड्यावर बघ, पातळ पाकिटाचा कागद मीडियमने पारदर्शक होतो आणि नक्षी गडद दिसते. मीडियम जिन्याच्या भागात अजिबात जाऊ देऊ नकोस, तिथे शाई नीट मुरली पाहिजे. मग माणसांचं ऑइल ट्रान्सफर, आणि रेघ पूर्ण वाळेपर्यंत थांब. मग मेण, चेहऱ्यांच्या एका बाजूला आणि हातांवर, पण रेघेवरून जोरात घासू नकोस. मग काळ्या बाटलीचा वॉश, पातळ, दोनदा दिलास तरी चालेल पण पहिला पूर्ण वाळू दे. पांढरं ॲक्रिलिक सगळ्यात शेवटी, फक्त खिडक्यांवर, मेणाला लागू न देता, कारण तिथे ते धरणार नाही आणि पापुद्रा निघेल.

रेघोट्या
मिळालं! आधी लहान तुकड्यावर हाच क्रम करून बघते आणि मागे लिहूनही ठेवते, तिसरा_बाक. प्रचि याच धाग्यावर टाकते.